रिकामं ताट

"नवरा इस्पितळातल्या पलंगावर मरून पडला होता आणि ती बाई त्याच्या ताटातलं जेवत होती," रोशेल माइकसमोर वाचत होती. "सगळं संपवलं तिने. वाटीतलं पुडिंगसुद्धा बोटाने पुसून खाल्लं. मग तोंड टिपलं आणि मुलीला म्हणाली, चल, घरी जाऊ."

सभागृहात कुणीतरी हळूच "अरे देवा" म्हणालं.

तिसऱ्या रांगेत निळा कोट मांडीवर घेऊन बसलेल्या तिच्या आईचे, जानिन उलेटचे, कान तापले. गोष्टीतल्या बाईचं नाव वेगळं होतं. बाकी स्वयंपाकघरातले पिवळे पडदे, लंगडं कुत्रं, नवऱ्याचं खोकताना भिंत धरणं, सगळं तिच्याच घरातलं होतं.

हा लेखनाचा अभ्यासक्रम रोशेलने केला तो जानिनच्या जिवावर. वर्षातून दोनदा इथे व्हर्मांटच्या डोंगरात येऊन राहायचं आणि बाकीचे महिने घरी लिहून मास्तरांना पाठवायचं. घर म्हणजे जानिनचं. रोशेल टेबलाशी लिहीत बसायची तेव्हा तिच्या जुळ्या पोरींना जेवू घालणारी, निजवणारी, "शू, आई लिहितेय" म्हणून दटावणारी जानिनच. आज पदवीआधीचं शेवटचं वाचन, म्हणून जानिन मेन राज्यातल्या घरून बर्फातून एकटी गाडी हाकत आली होती.

टाळ्या थांबेनात. बाहेर चीज आणि द्राक्षं मांडलेल्या टेबलापाशी रोशेलचे मास्तर हॅडली हात पुढे करून आले.

"तुम्ही आई ना? किती अभिमान वाटत असेल! असं लिहायला केवढं धाडस लागतं!"

"दुसऱ्याच्या अंगावरचे कपडे ओढायला कसलं आलंय धाडस?"

हॅडली मोठ्याने हसले. "काय वाक्य आहे! रोशेल, हे जपून ठेव हं."

रोशेलने आईचा दंड धरून तिला कोट टांगायच्या खोलीत नेलं आणि दार लोटलं.

"आई, गोष्ट आहे ती. ती बाई तू नाहीस."

"असं? पडदे माझे, कुत्रं माझं, खोकला तुझ्या बापाचा. मग ती भवानी तेवढी कुठून आणलीस?"

"मी पाहिलं होतं गं. अकरा वर्षांची होते. दारात उभी होते. बाबांचे डोळे उघडे होते आणि तू खिडकीशी बसून जेवत होतीस."

"आणि एवढ्या वर्षांत मला एकदा विचारावंसं वाटलं नाही?"

"विचारायची सोय होती तुझ्या घरात? बाबांचं नाव काढलं की तू भांडी आदळायचीस!"

हे खरं होतं. जानिन खाली बाकावर बसली. तिने दोन्ही हात कोटाखाली घेतले.

"त्याला गिळता येत नव्हतं," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणाले, उद्यापर्यंत पोटात काही गेलं नाही तर नाकातून नळी घालू. त्या नळीचा त्याने धसका घेतला होता. नर्स यायची आणि ताट किती संपलं ते बघून जायची. तर हा मला म्हणाला, जानिन, तू खा. ताट रिकामं दिसलं पाहिजे. अन्न दिसलं की त्याला उमळून यायचं, म्हणून मी त्याच्याकडे पाठ करून बसायची. दर जेवणाला. कोंबडी, वाटाणे, मिळेल ते. घशाखाली उतरत नव्हतं तरी ढकलायची. त्या दिवशी मी शेवटचा घास घेतला आणि त्याला सांगायला वळले, झालं बघ..."

तिने हे कुणालाच सांगितलं नव्हतं. पाद्र्यालाही नाही.

रोशेल तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. जानिनने तिच्या गालाकडे हात नेला.

"थांब आई," रोशेल म्हणाली. "जरा हळू सांग. बाबांचे नेमके शब्द काय होते?"

जानिनचा हात थबकला. पोरीचे डोळे रडत होते, पण ओठ हलत होते. जपमाळ ओढावी तशी ती ऐकलेलं पुटपुटत होती. ताट रिकामं दिसलं पाहिजे. ताट रिकामं दिसलं पाहिजे.

"नेमके कशाला हवेत?"

"अगं... मला कळायला हवं ना."

"तुला का त्यांना?" जानिनने दाराकडे बोट दाखवलं. पलीकडे प्लास्टिकचे पेले उचलून लोक हसत होते.

रोशेलचा चेहरा लाल झाला.

जानिन उठली. कोटाची सगळी बटणं गळ्यापर्यंत लावली आणि त्या हसणाऱ्या लोकांमधून कुणाकडे न पाहता बाहेर पडली. आवारात बर्फ भुरभुरत होतं. तिने गाडीची काच खरवडली, आत बसून इंजिन सुरू केलं. रोशेल कोट न घालताच धावत आली आणि काचेवर थापा मारू लागली.

"आई, असं अर्ध्यात टाकून जाऊ नकोस! तू वळलीस तेव्हा ते होते का अजून? काही बोलले का? आई!"

जानिनने काच बोटभर खाली केली.

"तुझ्या त्या बाईला विचार," ती म्हणाली. "तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे."