बोटभर लेन्स

ट्युनिसच्या खाजणाकाठी हौशी फोटोग्राफर फ्लेमिंगोंची वाट पाहत होते. ज्याचा फोटो सर्वांत सरस, त्याला प्रदर्शनातली उरलेली एकमेव जागा. सगळ्यांकडे हातभर लेन्स, दलांदाकडे वडिलांची जुनी, बोटभर. “पोरी, हिच्यातून पक्षी मुंगीएवढा दिसेल,” मुंदिरकाका हसले. “मागे हो, आमच्या फोटोत येशील.” ती धुसफुसत मागच्या बांधावर उभी राहिली. तेवढ्यात मच्छीमाराची होडी फटफटली आणि बिथरलेला थवा थेट डोक्यांवरून उडाला. इतका जवळचा पक्षी लांब लेन्समध्ये मावेना. नुसता शिव्यांचा भडिमार झाला. पुदिन्याच्या चहाबरोबर कॅमेरेही हातोहात फिरले. कुणाला पंख मिळाला होता, कुणाला चोच, काकांना गुलाबी डाग. दलांदाच्या फोटोत अख्खा थवा आभाळभर पसरला होता. “जागा तुझीच, पोरी,” काका म्हणाले. “पण तू तर आमच्या मागे होतीस, मग आम्ही कुठं यात?” दलांदानं खाली बोट ठेवलं. “हे काय, काका. मुंगीएवढे.”