विहिरीच्या कठड्यावर

"बघा, ह्याच कठड्यावरनं हिरॉईननं स्वतः उडी मारली. डुप्लिकेट घेतलीच नाही!" गाईडनं नेहमीचं वाक्य फेकलं, तशी कोल्हापुरातली शूटिंगची ठिकाणं बघायला आलेल्या दहाबारा जणांनी मोबाईल वर केले.

त्यांच्यातल्या मुकुंदरावांनी तो सिनेमा तीसदा पाहिला होता, या उडीसाठीच.

तेवढ्यात मघापासून मुकाट मागं चालणाऱ्या म्हाताऱ्या बाईंनी चपला काढल्या, पदर खोचला आणि त्या थेट कठड्यावर चढल्या. चाळीस फूट खाली काळं पाणी होतं.

"अहो मावशी, उतरा! जीव द्यायचाय काय?" गाईडला घाम फुटला.

"तू म्हणतोस तिथनं उडी मारली असती, तर डोकं पायरीवर फुटलं असतं," बाई पाण्याकडं बघत म्हणाल्या. "हा दगड. इथनं."

गाईड त्यांना धरायला धावला. मुकुंदरावांनी त्याचा दंड पकडला. "हात लावू नकोस, दचकतील."

बाईंनी डावी टाच उचलली, उजवा खांदा किंचित खाली सोडला. मुकुंदरावांनी ती ढब लगेच ओळखली. त्या उडीच्या वेळी कॅमेरा मागं होता. पडद्यावरही हीच टाच उचलली होती, हाच खांदा उतरला होता.

ते दोन पावलं पुढं झाले.

"ताई, जरा इकडं वळा की. तीसदा बघितलं तुम्हाला, पण तोंड कधी दिसलंच नाही."

बाईंची टाच हळूच दगडावर टेकली.