सुनेचा बांध

दगड बाजूला सरला आणि दुर्गाबाईंनी हात जोडले. बांधाच्या मधोमध बसवलेला तो दगड म्हणजे अख्ख्या घराण्याचं दैवत. मातीचा बांध काही केल्या टिकेना, तेव्हा घरातली गरोदर सून आपल्या पायांनी चालत आली, खड्ड्यात उतरली आणि म्हणाली, घाला माती. असं गाव सांगतं. सांगायला गावाचं काय जातंय! तेव्हापासून घरातली प्रत्येक पहिलटकरीण चैत्री पुनवेला दिवसभर उन्हात त्या दगडावर बसते, पाण्याचा थेंब न घेता. उद्या पुनव होती आणि पाळी करिष्माची, दुर्गाबाईंच्या सुनेची. तिला सातवा लागला होता.

दुर्गाबाईही एकदा बसल्या होत्या. त्यांचं पहिलं लेकरू त्याच रात्री पोटातच गेलं. "बांधातल्या सुनेनं नेलं," सासू म्हणाली, आणि दुर्गाबाईंनी ते मानलं. न मानून जातील कुठं?

खणायला बोलावलं होतं त्यांच्या दिरानं, अर्जुनरावांनी. चाकणकडून येणारा कंपनीचा नवा रस्ता बांधावरून जायचा होता. एकदा का सुनेची हाडं निघाली, की कंपनीच काय, तिचा बापसुद्धा बांधाला हात लावणार नाही, हा त्यांचा डाव. म्हणून तर पुण्याहून आलेल्या पुरातत्त्व खात्याच्या स्वरूपा मॅडमना दोन दिवस चहा काय, भजी काय, विचारूच नका.

दगडाखाली खोल चर खणून झाला, तेव्हा मॅडम त्यातून वर आल्या आणि त्यांनी हात झटकले. "इथं कुणालाही पुरलेलं नाही."

"न्हाई म्हंजे?" अर्जुनरावांचा आवाज चढला. "इतक्या वर्सांत हाडांची माती झाली असंल!"

"हाडं विरतात, खड्डा विरत नाही. एकदा उकरलेली माती परत भरली, तरी तिचा रंग वेगळा दिसतो. इथं वरपासून सगळे थर सलग आहेत, खाली अखंड मुरूम. पाणी अडवायला घातलेला साधा बांध आहे हा."

"कंपनीनं चारलंय हिला!" मागून कुणीतरी ओरडलं. एक ढेकूळ आलं आणि मॅडमच्या खांद्यावर फुटलं. भजी खाऊ घालणारे हात ते हेच.

"खाली कुणीच नाही, तर मी कशाला बसू?" करिष्मा म्हणाली. तिचा आवाज कापत होता, पण ती म्हणाली.

"सुनंनं तोंड उघडायचं न्हाई!" अर्जुनराव तिच्या अंगावर धावून गेले. तिचा नवरा रविराज मोबाइल चिवडत तिथंच उभा. दुर्गाबाईंचा पोटचा, पण चुलत्यापुढं निव्वळ मेणाचा. अर्जुनराव मॅडमकडं वळले. "मॅडम, तुमाला काय लिवायचं ते लिवा. दगड बसवा रे! उद्या सून बसनार म्हंजे बसनार."

गडी दगडाला पहारी लावू लागले, तोच दुर्गाबाई चरात उतरल्या. पाया पडायला गेल्या असतील, असं वाटून सगळे थांबले. त्यांनी चराच्या भिंतीवरून हात फिरवला. वरून खाली, पुन्हा खालून वर. सलग माती. त्यांना आधी रडू आलं, मग संताप आला.

"भावजी," त्या खालूनच म्हणाल्या, "हितं कुनीच न्हाई. मग माझं लेकरू कुनी नेलं?"

अर्जुनरावांनी नजर फिरवली.

"वहिनी, ही काय येळ हाय का? वर या. दगड बसवायचाय."

दुर्गाबाईंनी पदर खोचला, मुरमाला पाठ टेकली आणि तिथंच बसकण मारली.

"बसवा की. आजपातूर खाली कुनी न्हवतं, आता हाय. घाला माती."