ओळख पटवणारं कपाट

सकाळी अँटिबायोटिकच्या इंजेक्शनच्या वेळी वॉर्डातल्या औषधांच्या कपाटाने तोडकरांना एका नजरेत ओळखलं होतं. चुकीच्या रुग्णाला औषध जाऊ नये म्हणून चेहरा जुळल्याशिवाय ते उघडतच नसे, आणि आजवर त्याची एकही चूक झाली नव्हती.

तेच इंजेक्शन तोडकरांना बाधलं. चेहरा सुजून भोपळा झाला, श्वास शिट्टीसारखा वाजू लागला. अशा वेळी आधी अॅड्रेनलिन, बाकी सगळं नंतर, हे दमयंती सिस्टरला झोपेतही ठाऊक होतं. ते कपाटातच होतं. तिने पलंगच ढकलत कपाटापुढे आणला.

"हे तोडकर नाहीत," कपाट म्हणालं.

"अरे, त्यांना सूज आलीय."

"सूज उतरल्यावर यावं."

तोडकरबाईंनी मोबाइल पुढे धरला. "हे बघा, आमचे हे."

"फोटो चालत नाही, बाई. माणूस समोर हवा."

सिस्टरने सलाइनचा स्टँड उचलून काचेवर घातला. काच फुटली नाही. रुग्णांच्या सुरक्षेसाठी मुद्दाम मजबूत बसवली होती.

दुपारी सिस्टर तोच पलंग कपाटासमोरून शवागाराकडे नेत होती. सूज बरीच उतरली होती. कपाटाचं दार अलगद उघडलं.

"या, तोडकर," ते आपुलकीने म्हणालं. "सिस्टर, यांच्या औषधाला एवढा उशीर का?"