मागे बसलेला तंबोरा

"आजी, हाच ॲम्प्लिफायर घ्या. दोनशे वॅट! घराच्या काचा हलतील," दुकानदार म्हणाला.

"मला गाणं ऐकायचंय रे बाबा, वरात नाही काढायची," म्हणत कुमुदताईंनी घरून आणलेली रेकॉर्ड पुन्हा लावायला सांगितली. घरचा ॲम्प्लिफायर बसला होता, नवा खिशाला झेपेल असा हवा होता. पण त्यांचे कान शोधत होते दुसरंच. पन्नास वर्षांपूर्वी ही रेकॉर्ड झाली, तेव्हा गुरुबाईंच्या मागे तंबोऱ्यावर त्याच बसल्या होत्या. वेष्टनावर तबलजीचं नाव होतं, पेटीवाल्याचंही होतं. यांचं नव्हतं. आणि लग्न झाल्यापासून नवऱ्याचा, अण्णांचा, एकच निकाल होता : "तू बसली असशील गं, पण तंबोरा काही ऐकू येत नाही."

दोनशे वॅटमध्ये नुसता डग्गा घुमला. त्याहून महागड्यात पेटी अंगावर आली.

"तो कोपऱ्यातला लाव बघू."

"तो सगळ्यात स्वस्त आहे, आजी. आजोबांना तरी विचारा."

त्याने लावला. चार तारा दुकानभर पसरल्या आणि आलाप सुरू झाला तरी हटल्या नाहीत. किमतीच्या चिठ्ठ्या वाचणारे अण्णा वळले. मिनिटभर डोळे मिटून उभे राहिले.

"ही तू?"

"मग कोण?"

अण्णांनी दुकानदाराच्या पाठीवर थाप मारली. "ऐकलंस? मागे आमची ही आहे!"

कुमुदताईंनी गुरुबाईंची क्षमा मागत कानाच्या पाळीला हात लावला. मग खुर्चीत ऐसपैस बसून म्हणाल्या, "पुन्हा लाव. आणि या खेपेला गाण्याकडे कुणी लक्ष देऊ नका."