केनिया नको

"केनिया नको," रोझारिओ म्हणाला. "साउथ आफ्रिका बरं."

फ्रेडाने मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. मालाडच्या त्या ट्रॅव्हलवाल्यांच्या ऑफिसात ती हॉस्पिटलातून थेट आली होती, अंगावर सिस्टरचा पांढरा युनिफॉर्म तसाच होता.

"बावीस वर्षं आमच्या फ्रिजवर केनियाचं चित्र आहे," ती टेबलापलीकडे बसलेल्या दिशाला म्हणाली. "नदी ओलांडणारे हजारो विल्डबीस्ट आणि पाण्यात टपून बसलेल्या मगरी. दोन फ्रिज बदलले, चित्र तेच. आणि आज साहेब म्हणतात साउथ आफ्रिका."

"केनियात हल्ली फार गर्दी असते."

हे कोणी म्हणावं? माउंट मेरीच्या जत्रेला मुद्दाम रविवार बघून जाणाऱ्या माणसाने! फ्रेडाच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. तशी ती दोन महिने चुकचुकतच होती. भर मे महिन्यात हा फुल बाह्यांचे शर्ट घालत होता. दर मंगळवारी चर्चच्या क्वायरची प्रॅक्टिस म्हणून सकाळीच निघायचा आणि संध्याकाळी गळून गेल्यासारखा परतायचा. गाणी म्हणून कोणी इतकं दमतं का? घड्याळाचा पट्टाही ढिला केलेला, घड्याळ मनगट सोडून पंजावर लोंबत असायचं. त्यात आता साउथ आफ्रिका. लग्नाआधी हा जिच्या दारावरून दिवसातून चार वेळा सायकल दामटायचा, ती ल्युसी हल्ली लेकाकडे राहते. जोहान्सबर्गला.

"विमान जोहान्सबर्गलाच उतरतं ना गं?" फ्रेडाने अगदी गोड आवाजात विचारलं.

"हो आंटी. एक रात्र तिथेच मुक्काम."

"मुक्कामसुद्धा! झकास."

रोझारिओ माहितीपत्रकातला जिराफ बघत बसला होता. एकाच जिराफाकडे माणूस किती वेळ बघणार?

"आम्ही केनियालाच जाणार," फ्रेडा म्हणाली. "काय काय लागतं ते सांग."

"बाकी काही नाही, यलो फीव्हरचं इंजेक्शन घ्यावं लागेल. केनियाहून परत आलं की एअरपोर्टवर त्याचं कार्ड बघतात. साउथ आफ्रिकेला ती भानगड नाही."

फ्रेडा मोठ्याने हसली. "इंजेक्शनचं मला काय सांगतेस पोरी? तीस वर्षं तेच करतेय. अर्ध्या मालाडला मी सुया टोचल्यात."

दिशा अवघडली. तिने रोझारिओकडे पाहिलं, मग फ्रेडाकडे.

"पण अंकलना ते चालत नाही ना, आंटी. मागच्या आठवड्यात ते इंजेक्शनचा फॉर्म घेऊन गेले होते. दुसऱ्या दिवशी फोन करून म्हणाले, मला अंड्याची ॲलर्जी आहे. ज्यांना अंडं चालत नाही त्यांना ते देत नाहीत म्हणे."

आज सकाळी या ॲलर्जीवाल्याने तीन अंड्यांचं ऑम्लेट दोन पावांबरोबर खाल्लं होतं. तेही तिच्यासमोर, बोटं चाटत. खोटं बोलावं, पण जरा पचेल असं तरी बोलावं!

"अस्सं," फ्रेडा म्हणाली. "बघू तो फॉर्म."

फॉर्म एका पानाचाच होता. केसपेपर वाचायच्या सवयीने तिने बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. अंड्याची ॲलर्जी आहे का, हा पहिलाच प्रश्न. गरोदर आहात का, हा दुसरा. तिसरा होता: रक्ताचा आजार किंवा कॅन्सर आहे का, त्यावर उपचार चालू आहेत का?

बोट तिथेच थांबलं.

तिने रोझारिओच्या हाताकडे पाहिलं. घड्याळ मागे सरकलं होतं. पंजाच्या मागच्या बाजूला, शिरेवर, पिवळट हिरवा डाग होता. सलाईनची सुई तासन्‌तास टोचून ठेवली की असा डाग पडतो. तिने असे हजारो पाहिले होते. तीस वर्षांची सिस्टर, पण दोन महिने ती नवऱ्याच्या शर्टाला कुठल्या सेंटचा वास येतो का, तेवढंच बघत होती.

ल्युसी असती तर, असं तिला वाटलं. देवा, ल्युसीच असती तर किती बरं झालं असतं. तिच्याशी कडाकडा भांडता तरी आलं असतं.

"डॉक्टरांचं सर्टिफिकेट आणलंत तर इंजेक्शनमधून सूट मिळते, आंटी," दिशा उत्साहाने सांगत होती. "अंकलना एकदा नीट तपासून घ्या, काय ते लिहून आणा. म्हणजे तुमचं चित्रातलं केनिया पण होईल."

रोझारिओने जिराफावरून नजर काढली आणि पहिल्यांदाच बायकोकडे पाहिलं. चोरी पकडलेल्या पोरासारखा त्याचा चेहरा झाला होता.

"फ्रेडा, मी तुला सांगणारच होतो," तो हळूच म्हणाला. "आल्यावर."

फ्रेडाने फॉर्मची घडी केली आणि पर्समध्ये टाकली.

"साउथ आफ्रिका लिही," ती दिशाला म्हणाली. "सगळ्यात जवळची तारीख कुठली आहे ती बघ."

"पण आंटी, तुम्ही तर आत्ता म्हणालात, केनियाच..."

"मला सुईची भीती वाटते."

दिशाला तो विनोद वाटला. तिने पांढऱ्या युनिफॉर्मकडे बघून हसायला सुरुवात केली, पण समोरचे दोघं हसेनात, तेव्हा ती मुकाट्याने कॉम्प्युटरकडे वळली.

फ्रेडाने टेबलावरचा नवऱ्याचा हात आपल्याकडे ओढला आणि घड्याळ सरकवून पुन्हा त्या डागावर आणून ठेवलं.