काळूची वकिली

स्वराज्याला पाच वर्षं झाली, तरी काळं कुत्रं चावरंच असतं, असं कल्याणच्या त्या आळीत सगळे मानत. कुत्री पकडणारी गाडी येणार म्हटल्यावर लोकांनी बोट दाखवलं ते कधी कुणाला न चावलेल्या काळूकडे. त्याला वाचवायचं म्हणून गुरुदत्त मास्तरांनी पोरांना रोज त्याच्या शेजारी बसवून समजावलं, "बाळांनो, रंगावरून स्वभाव ठरत नाही. चावायचं तर कुठलंही कुत्रं चावेल."

गाडीच्या दिवशी मास्तरांना ठाण्याला जावं लागलं. संध्याकाळी परतले, तर छोटी हेमा नाक्यापर्यंत धावत आली.

"मास्तर, तो माणूस एकट्या काळूलाच धरत होता. आम्ही त्याला तुमचं सगळं समजावून सांगितलं."

"मग?"



"त्याला पटलं. त्यानं सगळीच कुत्री नेली."